गोठ्याखालच्या तीन नळ्या

वरचा वाडा, पेडणे
१४ सप्टेंबर २०२४

चि. गौरेशला, आत्याचा हात डोक्यावर.

चवथ पार पडली. गणपती पाच दिवस राहिले आणि गेले, आणि आता घरात उरल्या आहेत त्या तुझ्या तीन नळ्या. चवथीच्या आधी तू येतोस म्हणालास, तेव्हा मी भाबडी पातोळ्यांना हळदीची पानं काढून बसले. तू आलास ते माझ्या जमिनीला भोकं पाडायला. बरोबरच्या दोघांनी गिरमीट फिरवून गोठ्याच्या खालच्या उताराची चाळण केली, आणि जाताना तू म्हणालास, "आत्या, जेवायला पुढच्या वेळी." हे काय बोलणं झालं?

माझा भाचा वास्कोला मोठ्या संस्थेत आहे, माती-पाण्याचा अभ्यास करतो, हे मी दूध घालायला जाते तिथे सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. आता लोक अभ्यास बघायला येतात. त्यांना मी काय दाखवू? गवतातून वर आलेल्या तीन पांढऱ्या नळ्या आणि त्यांची टोपणं? खालच्या घरातले गुरुदास भावजी तर रोज संध्याकाळी येऊन विचारतात, "काय वैनी, आज गाईचं मूत किती खोल गेलं?" तुला ठाऊक आहे, तुझे आतोबा गेल्यापासून भावजी मला वहिनी कमी आणि थोरली बहीण जास्त मानतात. संध्याकाळचं तांब्याभर दुधाचं निमित्त, पण अर्धा तास ओट्यावर बसल्याशिवाय जात नाहीत. त्यांना तरी धड उत्तर देता येईल असं काही लिही.

फोन करू नकोस. कानात यंत्र घातलं की फोनवर नुसती शिटी वाजते, आणि काढलं की तू ओरडतोस आणि सगळा वाडा ऐकतो. कागदावर लिही, मला वाचायला आवडतं.

तुझी आत्या,
कमलाक्षी


वास्को
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या, नमस्कार आणि आधी माफी.

त्या दिवशी पाऊस धरून होता आणि गिरमीट भाड्याचं होतं, म्हणून पळालो. पातोळ्यांची गोष्ट तू अजून दोन वर्षं काढशील हे मला माहीत आहे.

भावजींना असं सांग. तुझ्या गाई आता पूर्वीच्या गावठी राहिल्या नाहीत. संकरित आहेत, खातात जास्त, दूध जास्त आणि शेणही जास्त. गोठा धुतलास की शेणपाणी खड्ड्यात जातं, आणि खड्ड्यातलं तू खालच्या उतारावर गवताला सोडतेस. गवताला हवं तेवढं ते पितं. उरलेलं पावसाबरोबर खाली मुरतं. आपल्याकडचा जांभा दगड म्हणजे स्पंज, तो काही अडवून धरत नाही. त्या पाण्यात नायट्रेट नावाचा एक क्षार असतो. दिसत नाही, वास नाही, चव नाही. ते विहिरीत उतरलं तर पिणाऱ्याला बरं नाही. पेडणे आणि डिचोली तालुक्यात उतारावरचे गोठे पुष्कळ आहेत. एका उताराला किती शेणपाणी पचतं, हे आम्हाला शोधायचं आहे. तुझा गोठा मी मुद्दाम निवडला, कारण त्याच्या बरोबर खाली भावजींची विहीर आहे आणि सगळं घर तिचंच पाणी पितं.

तुझं काम एवढंच, नळ्यांची काळजी घे. टोपणं घट्ट असू दे, आत घाण जाऊ देऊ नकोस. मी महिन्याला एकदा येऊन तिन्ही नळ्यांतलं आणि विहिरीतलं पाणी बाटल्यांत भरून नेईन. आदल्या दिवशी डेअरीवर अनंतकडे निरोप ठेवत जाईन.

तुझा,
गौरेश


वरचा वाडा
३ डिसेंबर २०२४

गौरेश बाळा,

तू आता वेळेवर येतोस आणि जेवून जातोस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मागच्या खेपेला तू शेण तागडीत घालून तोललंस, ते भिंतीपलीकडून पार्वतीनं बघितलं. भावजींची बायको म्हणून तिला काही बोलत नाही, पण तिनं ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापर्यंत पोचवलं. मिरच्या विकणारी बाई मला विचारत होती की कमलाक्षीबाय, शेण आता किलोवर जातं काय.

नळ्यांची काळजी घेते. तू सांगितलंस तशी. मुंगी नाही की पाल्याचा तुकडा नाही. तू येणार असा निरोप आला की मी आदल्या दिवसापासून कामाला लागते. गोठा घासून काढते, गटार मोकळं करते. भावजी हसतात, म्हणतात मुलगी बघायला येणार आहेत का. हसू देत.

एक आनंदाची गोष्ट. भावजींची सून आनंदी पोटुशी आहे. पहिलटकरीण, म्हणून ती पुढच्या महिन्यात सावंतवाडीला माहेरी जाईल. बाळाला घेऊन चवथीला घरी. तिचा नवरा साईश जन्मला त्यानंतर या दोन घरांत मूल नाही रे. मला तर झालंच नाही, तुला ठाऊक आहे. पाळणा माझ्या माडीवर आहे, साईशला त्यातच झुलवला होता. काल उतरवून पुसला. आनंदी म्हणते, मोठी आई, आतापासून कशाला. मी म्हटलं, तू तुझं काम कर, मी माझं करते.

पुढच्या वेळी येशील तेव्हा पोटभर वेळ काढून ये. बाटल्या भरायला तुला किती वेळ लागतो? उगाच नळीत दोरी सोडून बसतोस आणि इकडे पेज निवते.

आत्या


वास्को
१६ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

बसून वाच.

चार महिन्यांचे नमुने तपासून झाले. आमच्या अभ्यासातल्या सगळ्या गोठ्यांत तुझ्या नळ्यांतलं पाणी सगळ्यांत स्वच्छ निघालं. मी स्वतः दोनदा तपासलं. आमच्या विभागाच्या प्रमुख बाईंनी तर विचारलं, या उतारावर असं काय आहे? त्यांना तुझी पद्धत अहवालात उदाहरण म्हणून घालायची आहे.

पण भावजींच्या विहिरीतलं पाणी बरं नाही. नायट्रेट बरंच आहे. वरून येत नसेल तर ते तिथलंच असणार. मी बघितलं, त्यांनी नवीन संडास बांधला त्याचा शोषखड्डा विहिरीला फार जवळ आहे. मी तसं लिहून अनंतकडे पाठवलं आहे, म्हणजे डेअरीतल्या इतरांनाही सावध होता येईल.

मोठ्या माणसांना लगेच काही होणार नाही. पण आनंदीचं बाळ येणार. अगदी तान्ह्या बाळाला, विशेषतः वरचं दूध त्या पाण्यात कालवून दिलं तर, ते बाधू शकतं. रक्त प्राणवायू नीट धरत नाही, ओठ निळसर पडतात. पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्यानं जंतू मरतात, क्षार तसाच राहतो, उलट पाणी आटलं की दाट होतो. तेव्हा खड्डा हलवून विहीर सुधारेपर्यंत बाळाला त्या विहिरीचं पाणी नको. हे तू भावजींना गोडीनं सांग. तुझं ते ऐकतील.

गौरेश


वरचा वाडा
२० मार्च २०२५

गौरेश,

गोडीनं सांगायला मला वेळ कुठे मिळाला? तुझा कागद पोचला तो डेअरीच्या सभेत. अनंतनं उभं राहून वाचला, नावानिशी. कमलाक्षीबाईंचा गोठा उत्तम, गुरुदास यांचा शोषखड्डा घातक. टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी. भावजी चहाला थांबले नाहीत, तडक घरी गेले.

दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी आले. मला वाटलं बोलतील, चिडतील, मी ऐकून घेईन. ते एवढंच म्हणाले, "वैनी, तुमच्या शेणाला चंदनाचा वास येतो असं कागदावर आलं आहे. घाण काय ती आमचीच." आणि फिरले. तेव्हापासून दुधाचा तांब्या वर आलेला नाही. ओट्यावर संध्याकाळी मी आणि मांजर.

नवीन संडास त्यांनी फोडला. साईशनं हौसेनं बांधला होता, बायको येणार म्हणून फरशी वगैरे घालून. घण घालून फोडला, खड्डा बुजवला, दुसरा लांब, भाटातल्या माडांच्या कडेला खणला. शिगम्याचे ढोल वाजत होते आणि खाली घण. रोमटाच्या मिरवणुकीतली माणसं अंगणात आली तेव्हा त्यांनी दाराआडून नारळ दिला. बाहेर आले नाहीत.

सावंतवाडीला बातमी गेली. आनंदीच्या बापानं कळवलं की विहीर सुधारल्याशिवाय मुलीला आणि बाळाला पाठवणार नाही. बरोबर आहे त्याचं. मी म्हटलं, नळाची लाईन माझ्या दारापर्यंत येते, त्यांनी विहीर आहे म्हणून कधी खाली मागितली नाही. आता माझ्याकडून न्या, हवं तेवढं. कळशी भरून पार्वतीच्या पायरीवर ठेवून आले. संध्याकाळी ती माझ्या पायरीवर परत आली, तोंडापर्यंत भरलेली. एक थेंब घेतला नव्हता.

भावजींना वाटतं, भाच्यानं आत्याला सांभाळून घेतलं. तू तसं केलं नसणार हे मला माहीत आहे. पण तुझ्या अभ्यासानं माझ्या दारातली माणसं गेली, आणि मला मिळाल्या टाळ्या. त्या घेऊन मी काय करू, सांग.

आत्या


वास्को
१२ एप्रिल २०२५

आत्या,

नावानिशी वाचायला मी सांगितलं नव्हतं. अनंतला फोन करून मी भरपूर बोललो. तो म्हणतो, कौतुक होतं म्हणून वाचलं.

पण माझी झोप वेगळ्याच गोष्टीनं उडाली आहे. खड्डा लांब गेला, तरी विहीर तशीच आहे. इतक्यात सुधारणार नाही हे धरलं तरी थोडा फरक दिसायला हवा होता.

आणि दुसरं, तुझ्या नळ्या. एप्रिल महिना आहे. डिचोलीतल्या चारही गोठ्यांच्या नळ्या ठणठणीत कोरड्या आहेत. तुझ्या नळ्या काठोकाठ भरलेल्या. त्या पाण्यात क्लोरिन लागलं, जे फक्त सरकारी नळाच्या पाण्यात घालतात. म्हणजे तुझ्या अंगणाखाली नळाची वाहिनी फुटली आहे आणि ते पाणी उतारात मुरतं आहे. माझे सगळे नमुने त्यानं पातळ झाले. जानेवारीचा माझा निष्कर्षच डळमळला आहे, हे तुला सांगायला लाज वाटते.

नळखात्याला लिहिलं आहे. त्यांची माणसं येऊन खणतील आणि गळती शोधतील. त्यांच्याशी भांडू नकोस, मीच बोलावलं आहे.

गौरेश


वरचा वाडा
२ मे २०२५

गौरेश,

भांडले नाही. भांडायला अंगण कुठे उरलं आहे. रस्त्यापासून तुळशीपर्यंत चर खणला. फणसाचं मूळ तोडलं. गळती नाही. मग गोठ्यापर्यंत खणला, तिथेही नाही. मुकादम घाम पुसत मला विचारतो, आज्ये, कोणी सांगितलं पाणी गळतं म्हणून? मी म्हटलं, शिकलेल्या माणसानं. त्यानं मान ज्या रीतीनं हलवली ती मी विसरणार नाही. आणि जाताना नळ बंद करून गेले. तपासणी पूर्ण होईपर्यंत म्हणे. गाईंना झरीवरून पाणी वाहते आहे मी, या वयात.

आनंदीला मुलगी झाली. परवा बारसं झालं, सावंतवाडीलाच. भावजी, पार्वती, साईश सगळे गाडी करून गेले. मला कळलं पाववाल्या पोदेराकडून, तो उंडे द्यायला आला तेव्हा. नाव काय ठेवलं तेही मी पोदेरालाच विचारलं. त्याला माहीत नव्हतं. या घरची थोरली मी. पाळणा पुसून ठेवला आहे मी.

असो. अनंतनं निरोप दिला की तू पुढच्या आठवड्यात येतोस. पण नळ बंद आहे, मग तुझ्या नळ्या मी भरू कशानं? झरीचं पाणी चालेल का? ते जरा मातकट येतं, म्हणून विचारते. नेहमी तू येणार त्या सकाळी मी आतलं जुनं घाण पाणी चिंधी बांधलेल्या काठीनं काढून टाकते आणि नळाचं ताजं भरून ठेवते. पावसाळ्यात थोडं पुरायचं. हल्ली तर मेल्या पितात तरी किती, बाल्दीवर बाल्दी ओतावी लागते, तू येईपर्यंत मी तिथेच उभी. तुला बाटलीत काही गढूळ मिळू नये म्हणून. काय ते लवकर कळव.

आत्या


वास्को
७ मे २०२५

आत्या,

याच्या आधी दोन पत्रं लिहून फाडली. ती वाचली असतीस तर तू माझ्या बापाकडे माझी तक्रार केली असतीस.

तेच घाण पाणी मला हवं होतं. त्यासाठीच नळ्या पुरल्या. त्या घाणीत काय आहे आणि किती आहे, एवढंच मी गेले आठ महिने शोधतो आहे. आणि तू दर महिन्याला ते फेकून मला सरकारी नळाचं पाणी देत होतीस, आणि मी ते वास्कोपर्यंत बर्फात घालून नेत होतो. महागड्या यंत्रात घालून तपासत होतो. माझ्या बाईंना सांगत होतो की माझ्या आत्याच्या उतारावर काहीतरी विलक्षण आहे.

तुझं अंगण मी उगाच खणवलं. भावजींचा संडास उगाच फोडला गेला. डोकं धरून बसलो आहे.

गौरेश


वरचा वाडा
११ मे २०२५

गौरेश,

तू लिहिलंस, काळजी घे. तू लिहिलंस, आत घाण जाऊ देऊ नकोस. पत्र माझ्यापुढे आहे, तुझं अक्षर आहे. मी घातली का घाण? काढलीच की.

घरी आलेल्या माणसाला आधी पाणी देतात. तू बाटल्या घेऊन येतोस, आमच्या घरचं पाणी मागतोस, ते वास्कोला नेऊन चार लोकांना दाखवणार म्हणतोस. त्यात मी शेणाचं पाणी घालून देऊ? उद्या तू माझ्या हातचं जेवण तपासायला मागितलंस तर मी काय करपलेलं बाजूला काढून ठेवायचं? घाणच हवी होती तर घाण मागायची होतीस. गोठ्यात काही कमी नाही.

आणि दर वेळी माझ्या तोंडावर म्हणालास, आत्या, किती छान ठेवलं आहेस सगळं. म्हणालास की नाही?

आता येऊ नकोस काही दिवस. मला राग आला आहे.

कमलाक्षी


वास्को
१५ मे २०२५

आत्या,

राग यायलाच हवा. माझा उतरला आहे, म्हणून लिहितो. तू ज्या सकाळी ताट मांडून बसतेस त्या सकाळी नळीचा नियम मी पाळला नाही, ही माझी चूक. नळीत साठलेलं आधी सगळं उपसून टाकायचं, मग नव्यानं झिरपेल ते बाटलीत घ्यायचं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. पण नव्यानं झिरपायला वेळ लागतो, आणि तू ओट्यावरून हाका मारत असतेस की पेज निवते. मी वरचंच भरून घेत होतो. दर वेळी.

आता ऐक. मार्चमध्ये मी उतारावरची माती खोलवर काढून नेली होती. तिला तू हात लावला नव्हतास. ती तपासली. भरपूर नायट्रेट आहे, खाली खाली उतरत गेलेलं. भावजींच्या विहिरीत जातं ते तुझ्या गोठ्याचं आहे, आत्या. त्यांच्या संडासाचा त्यात फारसा हात नसावा.

मी डेअरीला दुरुस्तीचं पत्र पाठवतो आहे, माझ्या चुकीसकट. या वेळी अनंतला सांगितलं आहे की नाव न घेता वाच. पण पाऊस आला की उतारावर आहे ते आणि कच्च्या खड्ड्यात आहे तेही विहिरीत जाणार. त्याआधी खड्ड्याला सिमेंटचा थर हवा आणि वर छप्पर. पावसाळाभर उतारावर शेणपाणी एक थेंब नको, शेण सुकं काढून झाकून ठेवायचं, पाऊस गेल्यावर थोडं थोडं शेताला द्यायचं. विहिरीच्या वरच्या बाजूला रुंद पट्टा नुसता गवताचा, खत न घातलेला. हे झालं तर विहीर हळूहळू सुधारेल. एकटीला जमणारं काम नाही हे. मी सुट्टी काढून येतो, आणि भावजींना मीच सांगतो.

गौरेश


वरचा वाडा
३१ मे २०२५

गौरेश बाळा,

तू यायची वाट पाहिली नाही. तू येऊन सांगितलं असतंस तर ते पुन्हा कागद झालं असतं. मीच खाली गेले.

भावजी काजूच्या बिया निवडत होते. पार्वती मला बघून आत गेली. मी पायरीवर बसले, कोणी बस म्हटलं नाही तरी. नळ्यांची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून, बाल्दी आणि चिंधीसकट. मग म्हटलं, "भावजी, विहिरीत जातं ते माझ्या गोठ्याचं आहे."

ते बिया निवडत राहिले. चांगल्या इकडे, पोचट तिकडे. मग म्हणाले, "वैनी, मी माझा संडास फोडला."

मी म्हटलं, होय.

"सुनेच्या बापासमोर मान खाली घालून बसलो मी. माझ्या घरचं पाणी खराब म्हणून."

मी म्हटलं, होय. ते उठून आत गेले. मी उठून वर आले. येताना तो उतार मला एवढा कधी लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध काढत होते तर गोठ्याच्या मागे कुदळीचा आवाज. भावजी आणि साईश खड्डा उपसत होते. माझ्याशी एक शब्द नाही. चहा नेला तर साईशनं घेतला, भावजींनी कप भिंतीवर ठेवला आणि निवल्यावर प्याले. ते बोलतात ते गाईंशी. मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "तांबडे, तुझ्या धनिणीला सांग, सिमेंट चार दिवस भिजवायला लागेल." "कपिले, तिकडचं गटार वळवायला सांग तिला, आमच्या भाटात येतं." कानातलं यंत्र काढलं तरी ऐकू येतं.

पाऊस यंदा मे संपायच्या आधीच कोसळला. सिमेंट झालं होतं, छप्पर नव्हतं. रात्रीच्या पावसात खड्डा भरून वाहणार म्हणून मी उठले तर दोघे बापलेक ताडपत्री बांधत होते. मी एक टोक धरलं. भावजींनी माझ्याकडे बघितलं नाही, पण दोरी माझ्याकडे टाकली.

नळ परत चालू झाला. कळशी भरून पायरीवर ठेवते. दोन दिवस झाले, रिकामी परत येते.

आत्या


वास्को
१ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,

गेल्या तीन खेपा न कळवता आलो, त्याबद्दल तू मला माफ केलं नाहीस हे तुझ्या चेहऱ्यावरून कळतं. विस्कटलेला गोठा आणि तू पदर खोचलेली, आणि मी बाटल्या घेऊन दारात. पण पहिल्यांदा मला खरं पाणी मिळालं. नळ्या आधी उपसल्या, मग भरून यायची वाट पाहिली. पेज निवली, मला माहीत आहे.

नळ्यांतलं जूनमध्ये फार वाईट होतं, ऑगस्टमध्ये पुष्कळ कमी झालं. गवताच्या पट्ट्याखालच्या नळीत तर अर्ध्यावर आलं. विहिरीतलं नायट्रेटही कमी होतं आहे. पण पिण्याच्या मर्यादेच्या अजून वर आहे, थोडंच, पण वर. मला खोटं बोलता येत नाही. अजून दोन-तीन महिने तरी बाळासाठी ते पाणी नको. भावजी नाराज होतील. त्यांना कसं सांगायचं ते तू ठरव.

तुझा गोठा अहवालात राहणार आहे. उदाहरण म्हणूनच, फक्त वेगळं.

गौरेश


वरचा वाडा
९ ऑक्टोबर २०२५

गौरेश बाळा,

न कळवता येण्याबद्दल मी काही बोलणार नाही. बोलण्यासारखं राहिलंच नाही. त्या दिवशी माझ्या डोक्याला तेल होतं आणि तुझ्याबरोबर तुझ्या बाई होत्या. असो.

तू शेवटचा येऊन गेलास त्यानंतर चवथीला आनंदी आली, हे तू ऐकलं असशील. बापाची परवानगी घेतली नाही की सासऱ्याची. रिक्षा भावजींच्या दाराशी न थांबता वर माझ्या अंगणात आली. बाळाला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मोठी आई, नळ तुमच्या दारात, गणपती तुमच्या घरात. मी इथेच राहते. खाली कुणाला राग येईल त्यानं वर येऊन बोलावं." पोरीचं नाव श्रद्धा आहे. मला पहिल्यांदा तिच्या आईकडून कळलं, पोदेराकडून नाही, हे बरं झालं.

भावजी आले, गणपतीच्या वर माटोळी बांधायला यावंच लागतं. फळं, पानं, वेली सगळं जंगलातून आणलं, बांधलं. बाळाकडे बघितलं. माझ्याकडे नाही. त्यानंतर रोज सकाळी येतात, गोठ्यातलं सुकं शेण ढकलगाडीनं झाकल्या ढिगावर नेऊन टाकतात, गाईंना सगळं सांगतात, मग ओट्यावर बसून नातीला मांडीवर घेतात. मी आतून बघते. साईश रात्री वरच झोपतो, पार्वती दुपारी बाळाला न्हाऊ घालायला येते. माझ्या घरात आता पाय ठेवायला जागा नाही. वाशाला पाळणा, दोरीवर लंगोट, न्हाणीत धूर, जनेलाच्या गजांशी काजळाची डबी. कपबशी जागेवर सापडेल तर शपथ. मला डुलकी लागली की श्रद्धा उठते, श्रद्धा झोपली की तांबडी हंबरते. वैतागून गेले आहे मी.

तुझं पत्र काल आलं. मी दुधाला गेले होते, म्हणून पोस्टमननं ते ओट्यावर भावजींच्या हातात दिलं. त्यांनी फोडलं नाही, गुडघ्यावर ठेवून बसून राहिले. मी आल्यावर म्हटलं, वाचते. मोठ्यानं वाचलं, नळ्या, पट्टा, विहीर, सगळं. शेवटी अजून दोन-तीन महिने आलं, ती ओळ मी दोनदा वाचली. खाली घर आहे, बाळाचं हक्काचं घर, आणि ते माझ्या गोठ्यानं अडवून ठेवलं आहे.

आनंदी बाळाचे पाय चोळत होती. मग भावजींनी माझ्याकडे बघून विचारलं. गाईकडे नाही, माझ्याकडे.

"म्हणजे वैनी, पाळणा अजून काढायचा नाही ना?"

मी म्हटलं, "नाही भावजी."

ते उठले, आत आले, वाशाची गाठ ओढून बघितली. म्हणाले, ही दोरी डिसेंबरपर्यंत टिकायची नाही. आणि म्हापशाच्या गाडीला गेले, नवीन आणायला.

तुझी आत्या,
कमलाक्षी